शनिवारच्या शोला कुणी हसेना

"डावीकडची ओळ वाकडी आलीय," ती म्हणाली.

"ओळ सरळ आहे. तुझा चष्मा वाकडा असेल."

"चष्मा घरी राहिला."

"मग वाकडं दिसलं कसं?"

"वाकडं बघायची सवय आहे मला. इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढली."

शनिवारची दुपार होती. हॉलमध्ये आम्ही दोघं खुर्च्यांना कव्हरं चढवत होतो. खुर्ची मी उचलून धरायची, खालून इलॅस्टिक तिनं ओढायचं. काम झाल्यावर तिनं माझ्या ओळी मोडल्या आणि सगळ्या खुर्च्या एकमेकींना चिकटवल्या. मी म्हटलं, साखरपुड्याला आपण एवढी जागा सोडतो, मग आज का नाही? ती म्हणाली, "साखरपुड्याला लोक जेवायला येतात. इथं हसायला येतात. शेजारच्याचा कोपर लागला की माणूस लवकर हसतो." मग तिनं तिचा चहा घेतला, मी माझं दूध घेतलं, आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसलो.

दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्याच आठवड्यात ती गेली. हृदयाचं होतं. रिक्षा दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचली, ती नाही पोचली.

हे सांगून झालं. आता कामाचं सांगतो.

मी जळगावात लाउडस्पीकरच्या धंद्यात म्हातारा झालो. शाळा सातवीत सुटली. आधी झाडांना भोंगे बांधले, मग लग्नांत माईक लावले, मग पारसशेठच्या हॉलवर कायमचा बसलो. हॉल शेठच्या कापड दुकानाच्या वर आहे. पूर्वी तिथं साखरपुडे आणि बारशी व्हायची. आता लोकांना हायवेवरची लॉन लागतात. हॉल रिकामा पडला. शेठची सून पुण्याची. ती म्हणाली, पपा, इथं कॉमेडी शो ठेवा. शेठ म्हणाले, कॉमेडी म्हणजे ऑर्केस्ट्रा का? सून म्हणाली, नाही, एक माणूस माईकसमोर उभा राहतो आणि बोलतच राहतो. शेठ म्हणाले, ते तर आपल्याकडे निवडणुकीत फुकट मिळतं.

पण चाललं. शनिवारी संध्याकाळी शो. कधी स्टँड-अप, म्हणजे एकट्यानं उभं राहून लोकांना हसवायचं. कधी इम्प्रॉव्ह. त्यात काहीच बसवलेलं नसतं. लोकांनी एखादा शब्द द्यायचा, एखादी जागा सांगायची, आणि कलाकारांनी तिथल्या तिथं त्याचं नाटक करायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे आळशी लोक आहेत, पाठांतर करत नाहीत. नंतर कळलं की पाठांतर बरं, एवढं हे अवघड आहे.

साउंड, लाइट, खुर्च्या माझ्याकडे. कलाकारांचा चहा तिच्याकडे. झाडलोट ती आणि इंदूअक्का मिळून करायच्या. इंदूअक्का तिची मैत्रीण, दोघींचं माहेर अमळनेरकडचं, एकाच गल्लीतलं. शो सुरू झाला की दोघी मागच्या ओळीत खांबाजवळ बसायच्या. आता आपल्याकडची एक रीत सांगतो. आपला माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो, तो हसला का, मग हसतो. पुढच्या ओळीत सर, डॉक्टर, वकील बसलेले असले की ते हसेपर्यंत मागचे हसत नाहीत, आणि सर लोक मागच्यांच्या देखत हसत नाहीत. या दोघी कुणाकडेच बघायच्या नाहीत. आमच्या हिचं हसणं म्हणजे खोकल्यासारखं, एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. तिनं सुरुवात केली की हॉल सुटायचा.

तर ती गेली. गंधमुक्ती झाली. आमच्या खान्देशात उत्तरकार्याला कपाळी गंध लावतात, तिथं सुतक संपतं, माणूस कामाधंद्याला मोकळा. मुलगी सुरतेला दिलेली, ती परत गेली. भाऊबंद गेले. शेजारणीचे डबे बंद झाले. पण भेटायला येणारे थांबेनात. ज्याला आधी जमलं नाही तो नंतर आला. आलेल्याला कोरडं कसं पाठवायचं? मी चहा करायचो. मला पित्त आहे, चहाला मी तोंड लावत नाही, पण ती करताना रोज बघत आलो होतो. पाणी, साखर, पत्ती, फळीवरच्या डब्यातला मसाला, शेवटी दूध. लोक यायचे, खाली बघायचे, चहा प्यायचे, "आबा, सांभाळा" म्हणायचे आणि जायचे.

घरी बसून करायचं काय? घरात मी आणि फळीवरचे तिचे डबे. मी शेठला फोन केला, शनिवारी येतो.

इथून डोकेदुखी सुरू झाली.

नाशिकचा एक स्टँड-अपवाला होता. मी साउंड चेक घेत होतो. साउंड चेक म्हणजे लोक यायच्या आधी आवाज जुळवून घ्यायचा. पण लोक लवकरच आले, आणि खुर्चीवर न बसता माझ्यापुढे ओळ लावली. एकेकानं हात जोडायचे. "आबा, फार वाईट झालं." "आबा, देवाला चांगली माणसं लागतात." अहो, मी फेडरवर बसलोय. फेडर म्हणजे आवाज वरखाली करायची पट्टी. एकानं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडेना. तिकडं माईक स्पीकरच्या तोंडाशी गेला आणि शिट्टी मारायला लागला. स्पीकरचा आवाज माईकनं पुन्हा पकडला की अशी शिट्टी बसते, त्याला फीडबॅक म्हणतात. हॉलभर शिट्टी, स्टेजवरचा माणूस कानावर हात ठेवून उभा, आणि याचं आपलं चाललंय, "आबा, रडून घ्या. मोकळं व्हा." मी म्हटलं, "हात सोडा." त्याला वाटलं, दुःखानं बोलतोय. त्यानं आणखी घट्ट धरले.

शो सुरू झाला. आवाजाच्या मिक्सरवर एक छोटा दिवा असतो, बटणं दिसावीत म्हणून. तो नेमका माझ्या तोंडावर पडतो. हॉल अंधारात, स्टेज उजेडात, आणि बाजूला भिंतीशी माझं तोंड उजेडात. स्टेजवरचा विनोद करायचा आणि बठ्ठी मंडळी, सगळीच्या सगळी, माझ्याकडे बघायची. मी हसत नाही हे बघून मान खाली घालायची. विनोद, माझं तोंड, मान खाली. विनोद, माझं तोंड, मान खाली. पूजेची घंटा वाजल्यासारखं ठरल्या वेळेला.

बिचारा घामाघूम होऊन खाली आला. "काका, रूम फार कोल्ड आहे."

मी म्हटलं, "जळगावात ही तक्रार पहिल्यांदा ऐकली. पंखे बंद करतो."

"तसं नाही. ही ऑडियन्स आहे की शोकसभा?"

मी वायरी गुंडाळायला लागलो.

दुसऱ्या शनिवारी मी डोकं लावलं. मिक्सर उचलून खांबामागं नेला. वायर ओढून ताणून कशीबशी पोचवली. दिवा रुमालानं झाकला. म्हटलं, आता बघा कुणाकडे बघता ते. झालं उलटंच. लोकांना मी दिसेना. माना वळायला लागल्या. "आबा आले नाहीत?" "तब्येत बरी आहे ना?" चालू शोमध्ये एक जण मोबाइलची बॅटरी लावून खांबामागं आला. माझ्या तोंडावर उजेड मारला आणि मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "आहेत. बसलेत." मग जाताना माझ्या मांडीवर दोन केळी ठेवून गेला. स्टेजवरची बाई मध्येच थांबली होती. तिला वाटलं, कुणाला चक्कर आली.

सोमवारी शेठनं खाली दुकानात बोलावलं. शेठ चांगला माणूस. गादीवर बसवलं, पाणी दिलं.

"आबा, बुरा मानू नका."

"बोला."

"लोक तिकीट काढून येतात आणि तुम्हाला बघून गप्प बसतात. तुमचं दुःख आहे म्हणून ते हसत नाहीत. मीच हसू शकत नाही, तर त्यांना काय बोलू?"

"मी कुणाला नको म्हटलंय का? गंधमुक्ती झाली माझी. मी मोकळा आहे."

"तुम्ही मोकळे आहात. ते नाहीत." शेठनं टेप गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला. "असं करा. आखाजीपर्यंत घरी आराम करा. वहिनींची घागर भरू द्या. मग या. तोपर्यंत दुसरा साउंडवाला बघतो."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतो. तेव्हा कुठं वर्षाचा मोठा सण पार पडतो. पण आत्ता भरिताचे दिवस, हिवाळा. आखाजी भर उन्हाळ्यात. तोवर मी घरात काय करू? भिंतीवरची पाल मोजू?

मी म्हटलं, "शेठ, हा शनिवार द्या. या शनिवारी हॉल हसला नाही तर मी तुम्हाला विचारणारही नाही, घरी बसेन."

"कसा हसवणार?"

"ते मला माहीत नाही."

शेठ म्हणाले, "चला, निदान खरं बोललात."

त्या शनिवारी धुळ्याची मंडळी होती, इम्प्रॉव्हवाली. कीर्ती नावाची बाई त्यांची पुढारी, कॉलेजात शिकवते. दुसरा भूषण, देवपूरचा, बँकेत आहे, शनिवारी नाटकं करतो. आमच्याकडे आधीही येऊन गेले होते, आमच्या हिच्या हातचा चहा प्यायले होते. भूषण जिना चढून आला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "आबा, काकू दिसत नाहीत?"

सांगितलं. तो खाली बसला. मग माझं दुसरं दुखणं सांगितलं. आज लोक हसणार नाहीत, कारण मी आहे. आणि ते हसले नाहीत तर माझं इथलं काम जातं.

कीर्ती म्हणाली, "लोक तुमच्या तोंडाकडे बघतात ना? मग तुम्हीच आधी हसा."

"कशाला?"

"कशालाही. आम्ही काहीतरी करू, तुम्ही हसा. तुम्हाला हसताना बघितलं की त्यांना परवानगी मिळेल."

सोपं वाटलं. मी मिक्सर परत जुन्या जागी आणला, दिव्यावरचा रुमाल काढला. बघा म्हटलं मनसोक्त.

खुर्च्या ती लावायची तशा चिकटवून लावल्या. खांबाजवळच्या तिच्या खुर्चीलाही कव्हर चढवलं, सवयीनं. इंदूअक्का आली, शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. नाहीतरी तिथं कुणी बसलं नसतं.

शो सुरू झाला. भूषणनं काहीतरी केलं. एसटीत जागा धरायला खिडकीतून टोपी टाकतो आणि ती टोपी दुसऱ्याच्या डोक्यात जाते, असं काहीतरी. मी ठरवलं, आता हसायचं. तोंड उघडलं. हसायला काय लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आतून काही आलंच नाही. मी जोर लावला. मग घशातून एक आवाज निघाला, कुत्र्याच्या घशात हाड अडकल्यासारखा. दुसरा निघाला. खांदे हलले. डोळ्यांत पाणी आलं, ते खोकल्यानं.

मी हसलो. लोकांना वाटलं, रडलो.

हॉलमधून "अरेरे" असा आवाज आला. पुढच्या ओळीतून पाटील सर उठले. पाटील सर आमच्याच गल्लीतले, हायस्कुलातून रिटायर. चालू नाटकात, कलाकारांच्या पुढून, उजेडातून चालत माझ्यापर्यंत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"आबा, येऊ द्या. दाबू नका."

मी म्हटलं, "सर, मी हसतोय."

सर म्हणाले, "हो हो."

कुणीतरी पाण्याची बाटली पुढं सरकवली. ती हातोहात माझ्यापर्यंत आली. एका बाईनं पदर डोळ्याला लावला. दारात शेठ उभे होते, त्यांनी कपाळावर हात मारला. मी मनात म्हटलं, झालं आबा, आखाजीपर्यंत पाल मोज.

कीर्ती मोठी खंबीर बाई. तिनं खेळ बदलला. पुढं येऊन म्हणाली, "मंडळी, आम्हाला एखादी जागा सांगा. कुठलीही."

कुणी बोलेना. शेवटी एक जण म्हणाला, "देऊळ." दुःखाच्या प्रसंगी हेच शोभलं असतं. त्यांनी देवळाचं नाटक केलं. लोकांनी देवळात बसल्यासारखं ते बघितलं.

"दुसरी जागा सांगा. अशी जागा, जिथं तुम्ही एवढ्यात खरंच जाऊन आलात."

पाटील सरांचा हात अजून माझ्या खांद्यावर. आणि मागून, खांबाजवळून, इंदूअक्काचा आवाज आला.

"आबानं घर."

आबाचं घर, म्हणजे माझंच. माझा हात फेडरवर होता. पट्टी खाली ओढावी आणि शो बंद करून टाकावा, असं मनात आलं. कीर्तीनं माझ्याकडे बघितलं. भूषणनं मात्र मागं बघितलं. देवपूरचा असल्यानं त्याला अहिराणी येते.

"अक्का, तठे काय भेटस?" तिथं काय मिळतं, त्यानं विचारलं.

"चहा भेटस," इंदूअक्का म्हणाली. "पी दखाड."

पिऊन दाखव, म्हणाली. आणि तेवढ्यात डावीकडच्या ओळीतून कुणाच्या तरी नाकातून फुस्स असा आवाज आला. मग दुसऱ्याच्या. मला कळेना.

भूषणला पण कळलं नव्हतं, ते त्यानं मला नंतर सांगितलं. पण त्याचं कामच ते. हॉलमध्ये काही हललं की तिकडं जायचं. कीर्तीनं ओढणी पंच्यासारखी खांद्यावर टाकली, कमरेवर हात ठेवला आणि माझा आवाज काढला. "बसा. काय उभं राहता दाराशी. बसा म्हटलं ना." आवाज माझाच, शंका नाही. तिनं हवेतला कप भूषणच्या हातात दिला. भूषण मान खाली घालून दुखवट्याला आल्यासारखा बसला. कप उचलला. ओठांपर्यंत नेला. आणि तिथंच थांबून त्यानं नुसतं लोकांकडे बघितलं.

हॉल फुटला.

असं हसणं मी त्या हॉलमध्ये ऐकलेलं नव्हतं. त्यानं अजून एकही घोट घेतला नव्हता. वकील साहेब पुढच्या खुर्चीवर डोकं ठेवून हसत होते. ज्या बाईनं पदर डोळ्याला लावला होता, तिनं तो तोंडात कोंबला. माझ्या खांद्यावरचा सरांचा हात थरथरायला लागला. बघतो तर सर हसतायत. हसतायत पण हात काढत नाहीत.

मी चिडलो. "सर, काय झालंय? चहाला काय झालंय?"

माझ्यापुढं अनाउन्समेंटचा माईक असतो. तो चालू होता. माझं बोलणं हॉलभर गेलं. लोक आणखी हसले.

सर म्हणाले, "काही नाही आबा. जाऊ द्या."

"जाऊ कसं द्या? सांगा."

"कडू आहे."

"काय कडू आहे?"

"तुमचा चहा. कडूजहर."

"मग सांगायचं नाही?"

"आम्हाला वाटलं, तुमच्यात रीत असेल. कडू घासासारखी."

माणूस गेला की स्मशानातून येताना आपण कडुलिंबाचा पाला चावतो, घरी भाऊबंद कडू घास आणतात. ते मलाही माहीत आहे. पण कडू चहा? मी म्हटलं, "मी बोललो का तसं, की ही आमची रीत आहे?"

"दुखवट्याच्या घरी विचारायचं कसं, आबा?"

हे सगळं माईकवर. मग हॉलमधून एकेक जण बोलायला लागला. कुणी म्हणालं, "आबा, मी दोनदा प्यालो. दुसऱ्यांदा तर पाव्हण्यांना घेऊन आलो होतो." कुणी म्हणालं, "तुम्ही समोर बसून विचारायचे, आणखी देऊ का." वकील साहेब म्हणाले, "पण दुसऱ्या दिवशी पोट मात्र साफ." त्यावर पाच-सहा जणांनी एकदम माना हलवल्या. म्हणजे सगळ्यांचीच साफ झाली होती. आख्खा मोहल्ला माझ्या घरून गेला, रात्री पोट धरून बसला, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. वर "सांभाळा" म्हणून गेले.

भूषण आणि कीर्तीनं मग सोडलं नाही. भूषण पाव्हण्यांना ढकलत पुढं करतो, तुम्ही आधी घ्या, नाही नाही तुम्ही वडील. कीर्ती ओरडते, "पिता का कोंबू?" मी असं कुणाला म्हटलेलं नाही. पण मला कुणी विचारत नव्हतं. माझ्याकडे बघतही नव्हतं. सगळे स्टेजकडे बघत होते. पहिल्यांदाच मला माझ्या कामाकडे लक्ष देता आलं. हसण्याचा आवाज एवढा, की भूषणचा माईक वर चढवावा लागला.

माझ्या तोंडावर दिवा होताच. मी हसलो की नाही, ते बघायला कुणी उरलं नव्हतं.

शो संपल्यावर लोक पुन्हा माझ्याकडे आले, पण ओळ लावून नाही, घोळक्यानं. कुणी हात धरले नाहीत. "येतो आबा." "चहाला बोलवू नका." एवढंच. शेठ जिन्यात भेटले. म्हणाले, "पुढच्या शनिवारी वेळेवर या. आणि आबा, कलाकारांचा चहा इंदूअक्काला करू द्या." मी म्हटलं, बरं.

इंदूअक्का खुर्च्यांची कव्हरं काढत होती. तिच्यावर माझा खरा राग होता. ती तर माझ्याकडे येऊन बसायची, तो चहा प्यायची.

"तू तरी सांगायचं होतंस," मी म्हटलं.

ती कव्हर झटकत म्हणाली, "आते सांगं ना. अखो कशी सांगू?" आत्ता सांगितलं ना, आणखी कसं सांगू, असं.

"घरी सांगायचं होतं."

"तुमले घरमा कोन सांगी, आबा? सांगनारी गयी ना."

घरात तुम्हाला सांगणारी गेली, म्हणाली. मग तिच्या खुर्चीवरची पिशवी उचलली, त्या खुर्चीचं कव्हरही काढलं, घडी घातली आणि बाकीच्यांवर ठेवलं. खरं होतं ते. ती असती तर पहिल्याच घोटाला थू करून म्हणाली असती, हे काय उकळलंत. पातेलं मोरीत ओतलं असतं. मला वाईट वाटायला वेळसुद्धा दिला नसता.

या धंद्यातल्या नवीन लोकांना मी दोन गोष्टी सांगतो. परगावी शो करायला गेलात तर साउंड चेकबरोबर हेही विचारून घ्या, की या हॉलमधलं एवढ्यात कोण गेलं. नाहीतर तुम्ही रात्रभर घाम गाळाल आणि दोष तुमच्या विनोदाला द्याल. आणि लोक हसत नाहीत म्हणून त्यांना मठ्ठ म्हणू नका. आमचे लोक कडू चहा न बोलता पितात. त्यांना हसवायला वेळ लागणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळीवरचे डबे खाली काढले. दोन डबे सारखेच, पितळी, शेजारी शेजारी. एकात चहाचा मसाला होता, सुंठ आणि वेलचीचा वास आला. दुसऱ्याचं झाकण उघडलं. तिचं रात्रीचं त्रिफळा चूर्ण. पोटासाठी घ्यायची. अर्ध्याच्या खाली आलं होतं. मी बोट घालून चाखलं. मग खूप वेळ चूळ भरत राहिलो.

चूर्णाचा डबा टाकला नाही. वरच्या फळीवर ठेवला, हात सहज पोचणार नाही असा. पातेलं घासलं. पाणी, साखर, पत्ती, चिमूटभर मसाला, शेवटी दूध. दोन कप भरून दारापुढच्या ओट्यावर येऊन उभा राहिलो. पाटील सर दुधाची पिशवी घेऊन चालले होते.

"सर, चहा घ्या."

सर फाटकाशी थांबले. माझ्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं. "आत्ताच झाला माझा, आबा."

"खोटं बोलू नका. दूध तुमच्या हातात आहे."

सर हलेनात. मग मी माझा कप उचलला, पित्ताची पर्वा केली नाही, आणि त्यांच्या देखत तो संपवला.

तेव्हा सरांनी फाटक उघडलं.